मेगाब्लॉक आणि वेगवान गोलंदाज

मार्च २०२४ च्या पहिल्या आठवड्यात वांद्रे-कुर्ला संकुलातील शरद पवार अकादमीच्या मैदानावर मुंबई आणि तमिळनाडू यांच्यात रणजी करंडकाचा उपांत्य सामना चालू होता. मुंबईचे सात फलंदाज १०६ धावांत बाद झाले असताना शार्दूल ठाकूर खेळायला आला आणि १०९ धावांची खेळी करून त्याने सामना फिरवला. खेळ संपल्यावर पत्रकारांशी बोलताना मात्र शतकाइतकाच त्याचा रोख वेळापत्रकावर होता. तीन-तीन दिवसांच्या अंतराने लागोपाठ दहा प्रथम श्रेणी, म्हणजे चार-पाच दिवस चालणारे, सामने खेळणे फार जड जाते आणि आणखी दोन हंगाम हे असेच चालले, तर देशभरात दुखापतींचे प्रमाण वाढेल, असे त्याच्या बोलण्याचे सार होते. पालघरहून किटबॅग घेऊन लोकलने मुंबई गाठत ज्याने आपले क्रिकेट घडवले, त्या खेळाडूच्या तक्रारीला नाजूकपणाचा शिक्का मारणे अवघड आहे.

त्याचे गणित समजून घेतले, तर ‘भरगच्च वेळापत्रक’ या शब्दांचा अर्थ कळू लागतो. रणजीतील साखळी सामना चार दिवसांचा असतो. शुक्रवारी सुरू झालेला सामना सोमवारी संपतो आणि पुढचा सामना येत्या शुक्रवारी, बहुतेक वेळा दुसऱ्याच राज्यात, सुरू होतो. मधल्या तीन दिवसांपैकी मंगळवार प्रवासात जातो, गुरुवारी सामन्यापूर्वीचा सराव असतो आणि उरतो तो एकटा बुधवार. सात साखळी सामने आणि पुढे उपांत्यपूर्व, उपांत्य व अंतिम फेरी असे दहा सामने खेळणाऱ्या संघाचा २०२३-२४ चा रणजी हंगाम ५ जानेवारीला सुरू झाला आणि १४ मार्चला वानखेडेवर संपला. मुंबईने त्या दिवशी विदर्भाला हरवून ४२ वा रणजी करंडक जिंकला. दहा आठवडे, दहा सामने, आणि वेगवान गोलंदाजाच्या शरीराला दर आठवड्याला एक बुधवार.

या अडचणीवर संघ जो उपाय करतात, त्याला इंग्रजीतून आलेल्या शब्दाने ‘रोटेशन’ म्हणतात. तंदुरुस्त असलेल्या खेळाडूलाही ठरवून काही सामने बाहेर बसवायचे आणि त्याच्या जागी दुसऱ्याला खेळवायचे, असा हा प्रकार आहे. ‘वर्कलोड मॅनेजमेंट’ म्हणजे त्यामागचा हिशेब: कोणी किती षटके टाकली, नेटमध्ये किती चेंडू टाकले, किती धावला, किती प्रवास केला, झोप किती झाली आणि या सगळ्यावरून पुढच्या सामन्यात त्याला खेळवावे की नाही. मैदानाबाहेर बसलेला खेळाडू वगळलेला असू शकतो, जायबंदी असू शकतो किंवा विश्रांतीवर असू शकतो. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. परंतु निवड समित्यांनाही कधीकधी त्या एकमेकींत मिसळलेल्या सोयीच्या वाटतात. फॉर्म हरवलेल्या नावाजलेल्या खेळाडूला ‘विश्रांती’ देणे सगळ्यांच्याच अब्रूला बरे असते. त्यामुळे खरी विश्रांतीही प्रेक्षकांना संशयास्पद वाटू लागली आहे.

मुंबईच्या क्रिकेटची परंपरा तर या कल्पनेच्या अगदी उलट दिशेची आहे. रमाकांत आचरेकर सर सचिन तेंडुलकरला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामने खेळायला नेत, हे शिवाजी पार्कात वाढलेल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. जितके खेळाल तितके शिकाल, ही इथली शिकवण आहे आणि फलंदाजासाठी ती बरीचशी खरीही आहे. फलंदाज थकतो, त्याची एकाग्रता ढळते, स्नायू आखडतात. पण तीन सामन्यांत मिळून त्याने सहाशे चेंडू खेळले, म्हणून त्याच्या मणक्याला चीर जात नाही. वेगवान गोलंदाजाचे तसे नाही. तो धावत येऊन पुढचा पाय क्रीजवर रोवतो, तेव्हा त्या पायावर क्षणभर त्याच्या वजनाच्या पाच पट किंवा त्याहूनही अधिक जोर येतो. त्याच क्षणी कंबर मागे झुकलेली, बाजूला वाकलेली आणि पिळवटलेली असते. हा सगळा ताण कमरेच्या मणक्यांतील एका चिंचोळ्या हाडावर येतो, आणि उजव्या हाताच्या गोलंदाजाच्या बाबतीत तो प्रामुख्याने डाव्या बाजूला येतो. कसोटीच्या एका दिवसात वीस षटके टाकणारा गोलंदाज हे १२० वेळा करतो.

हाडाची एक गंमत आहे, आणि रोटेशनचा सगळा विचार तिच्यावर उभा आहे. स्नायू दुखला की लगेच कळते. हाड मात्र ताण सोसल्यावर स्वतःची दुरुस्ती करू लागते आणि ती करताना आधी जुना, झिजलेला भाग काढून टाकते, मग तिथे नवे हाड घालते. मधल्या काळात ती जागा पूर्वीपेक्षा कमकुवत असते, आणि हा काळ दिवसांत मोजायचा नसून आठवड्यांत मोजायचा असतो. ऑस्ट्रेलियातील वेगवान गोलंदाजांच्या अभ्यासात असे आढळले की, एका सामन्यात पन्नासहून अधिक षटके टाकणाऱ्यांना दुखापतीचा वाढलेला धोका पुढचे तीन-चार आठवडे असतो. म्हणजे ज्या सामन्यात गोलंदाज कोसळतो, तो सामना बहुधा दोषी नसतो. दोष त्याच्या आधीच्या कुठल्यातरी सामन्याचा असतो, ज्यात त्याने जीव तोडून गोलंदाजी केली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

जसप्रीत बुमराहचा २०२४-२५ चा ऑस्ट्रेलिया दौरा या दृष्टीने पाहावा. पाच कसोटींत त्याने १५१.२ षटके टाकली आणि ३२ बळी घेतले. त्यातली ५३.२ षटके एकट्या मेलबर्न कसोटीतली होती. ती कसोटी ३० डिसेंबरला संपली आणि सिडनीची ३ जानेवारीला सुरू झाली. मधे पुन्हा तेच तीन दिवस. सिडनीत दहा षटके टाकल्यावर पाठीच्या दुखण्यामुळे तो मैदानाबाहेर गेला आणि पुढे चॅम्पियन्स करंडक स्पर्धेला मुकला. एका उदाहरणावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे खरे. शिवाय बुमराहच्या पाठीचा इतिहास जुना आहे: २०१९ मध्ये तिथे ताणामुळे हाडाला सूक्ष्म चीर, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, झाले होते, २०२२ मध्ये दुखणे उलटले आणि मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडमध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. पण डॉक्टरांना ज्याची भीती वाटते, तो क्रम नेमका हाच.

तरुण गोलंदाजांमध्ये हा धोका अधिक असतो, कारण विशीच्या सुरुवातीपर्यंत कमरेचे मणके पुरते पक्के झालेले नसतात. ऑस्ट्रेलियाच्या पॅट कमिन्सने नोव्हेंबर २०११ मध्ये जोहान्सबर्गला पदार्पण केले, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. त्याची दुसरी कसोटी मार्च २०१७ मध्ये रांचीला झाली. मधली पाच वर्षे प्रामुख्याने पाठीच्या दुखण्यांनी खाल्ली.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की मग उत्तर सोपे आहे, कमी खेळवा. तसे असते, तर बरे झाले असते. या विषयात सर्वांत कमी समजली गेलेली गोष्ट अशी की, एकूण कामाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, धोका कामात अचानक होणाऱ्या वाढीत असतो. क्रीडावैद्यकातील मंडळी गेल्या आठवड्यात टाकलेल्या षटकांची तुलना त्याआधीच्या साधारण चार आठवड्यांच्या सरासरीशी करतात. समजा, एक गोलंदाज महिनाभर दर आठवड्याला सामने आणि सराव मिळून वीस षटके टाकत आहे. त्याने पुढच्या आठवड्यात बावीस किंवा चोवीस टाकली, तर शरीर ते निभावून नेते. त्याने एकदम चाळीस टाकली, तर गुणोत्तर दोन होते. ऑस्ट्रेलियन वेगवान गोलंदाजांवरील २०१४ च्या एका अभ्यासात अशा उड्यांनंतर दुखापतीचा धोका ठळकपणे वाढलेला दिसला. या गुणोत्तराच्या गणिती पद्धतीवर पुढे संशोधकांमध्येच बरेच वाद झाले आणि ते रामबाण नाही हे आता बहुतेक जण मान्य करतात. तरीही मूळ निरीक्षण टिकून आहे. उलट बाजूने पाहिले, तर ज्याने महिनाभर फारसे काहीच टाकले नाही, त्याची सरासरी खाली आलेली असते. त्यामुळे परतल्यावर साधी पंधरा षटकेसुद्धा त्याच्यासाठी उडी ठरतात. विश्रांती चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या पद्धतीने दिली, तर तीच दुखापतीची तयारी होऊन बसते.

आयपीएल आणि कसोटी यांच्यातला खड्डा यावरून लक्षात येईल. टी-ट्वेंटीत गोलंदाजाला चारच षटके मिळतात. आठवड्यातून दोन सामने धरले, तर आठ. साखळीतले चौदाही सामने खेळला, तरी दोन महिन्यांत ५६ षटके होतात. २०२५ मध्ये आयपीएलचा अंतिम सामना ३ जूनला झाला आणि २० जूनला लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर इंग्लंडविरुद्धची पहिली कसोटी सुरू झाली. त्या मालिकेत बुमराहने तीनच कसोटी खेळून ११९.४ षटके टाकली, म्हणजे कसोटीमागे सुमारे चाळीस. टी-ट्वेंटीमुळे गोलंदाज दमतो, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. मोठ्या कामासाठी लागणारी त्याची तयारी मोडते, हे दुखणे अधिक खोल आहे. जाणते गोलंदाज आयपीएलच्या काळातही कसोटी आणि रणजीत वापरतात त्या लाल चेंडूने नेटमध्ये जास्तीची षटके टाकताना दिसतात, ते याचसाठी. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की थकलेल्या माणसाला आणखी कशाला राबवता. प्रत्यक्षात ते पुढच्या महिन्याचे रक्षण असते.

मोहम्मद शमीचे परतणे हे याचे दुसरे उदाहरण. नोव्हेंबर २०२३ मधील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यानंतर घोट्याच्या दुखण्यामुळे तो जवळजवळ वर्षभर खेळला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये इंदूरला मध्य प्रदेशाविरुद्धच्या रणजी सामन्यात बंगालकडून खेळताना त्याने ४३.२ षटके टाकली, सात बळी घेतले आणि सगळ्यांना वाटले की आता तो ऑस्ट्रेलियाचे विमान पकडणार. त्यानंतर तो सय्यद मुश्ताक अली स्पर्धेतले नऊ टी-ट्वेंटी सामनेही खेळला. डिसेंबरमध्ये भारतीय क्रिकेट मंडळाने कळवले की घोटा बरा झाला आहे, पण वाढलेल्या भारामुळे डाव्या गुडघ्याला थोडी सूज आहे, म्हणून तो उरलेल्या कसोटींसाठी उपलब्ध नाही.

मुंबईकराला हा विषय समजावण्यासाठी माझ्याजवळ एक घरचे उदाहरण आहे. रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास लोकल बंद ठेवणे, कोणालाही आवडत नाही. मुलुंडच्या लग्नाला निघालेले कुटुंब ठाण्याच्या फलाटावर ताटकळते आणि रेल्वेच्या नावाने बोटे मोडते. पण रुळांची, सिग्नलची आणि ओव्हरहेड वायरची दुरुस्ती गाड्या चालू असताना होत नाही, आणि ती केली नाही, तर सोमवारी सकाळी ऐन गर्दीत गाडी बंद पडते, हेही सगळ्यांना ठाऊक असते. रोटेशन हा खेळाडूचा मेगाब्लॉक आहे. फरक इतकाच की, रेल्वेत वेळापत्रक करणारे आणि दुरुस्ती करणारे एकाच छपराखाली असतात, तर क्रिकेटमध्ये गाड्या वाढवणारे एकीकडे आणि रुळाला जपणारे दुसरीकडे, अशी विभागणी झालेली आहे.

गाड्या किती वाढल्या, ते पाहू. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या २०२३ ते २०२७ या काळाच्या भावी दौऱ्यांच्या कार्यक्रमात पूर्ण सदस्य देशांचे पुरुषांचे ७७७ सामने आहेत: १७३ कसोटी, २८१ एकदिवसीय आणि ३२३ टी-ट्वेंटी. आधीच्या कालखंडात ते ६९४ होते. त्यावर आयपीएल, जी २०२२ पासून दहा संघांची आणि ७४ सामन्यांची झाली आणि जिच्यासाठी मार्चच्या मध्यापासून मे अखेरपर्यंतचा काळ जवळजवळ मोकळा ठेवला जातो. त्याशिवाय ऑस्ट्रेलियाची बिग बॅश, इंग्लंडची हंड्रेड, पाकिस्तान आणि कॅरिबियन बेटांच्या लीग, आणि २०२३ मध्ये एकाच वर्षात सुरू झालेल्या दक्षिण आफ्रिका, संयुक्त अरब अमिराती आणि अमेरिका इथल्या तीन लीग. मुंबई इंडियन्सच्याच मालकांचे केपटाऊन, अमिराती आणि न्यूयॉर्क इथे संघ आहेत. भारताच्या चालू खेळाडूंना मंडळ परदेशी लीग खेळू देत नाही, म्हणून आपल्याकडे या चक्राची एक बाजूच दिसते. वेस्ट इंडीज किंवा न्यूझीलंडच्या खेळाडूसाठी मात्र ते बारा महिने फिरते.

पैशाचा ओघ कुठे आहे, हे पाहिल्यावर वेळापत्रक कोण ठरवते, याचे उत्तर आपोआप मिळते. मंडळाच्या २०२४-२५ च्या करारयादीत सर्वोच्च श्रेणीतील खेळाडूला वर्षाला सात कोटी रुपये होते, आणि त्या श्रेणीतल्या बुमराहला मुंबई इंडियन्सने दोन-अडीच महिन्यांच्या स्पर्धेसाठी १८ कोटींना राखले होते. सामन्यांचे मानधन वेगळे मिळते, ही गोष्ट मान्य करूनही दोन आकड्यांतले अंतर बोलके आहे. ज्या मंडळांना खेळाडूला सात कोटीही देता येत नाहीत, तिथे काय होत असेल? ट्रेंट बोल्टने ऑगस्ट २०२२ मध्ये न्यूझीलंडच्या मध्यवर्ती करारातून स्वतःला मोकळे करून घेतले. वेस्ट इंडीजचा निकोलस पूरन २०२५ मध्ये एकोणतिसाव्या वर्षी आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्त झाला. दक्षिण आफ्रिकेने तर फेब्रुवारी २०२४ मध्ये आपले प्रमुख खेळाडू घरच्या टी-ट्वेंटी लीगसाठी राखून ठेवले आणि न्यूझीलंडच्या कसोटी दौऱ्यावर नवख्यांचा संघ धाडला. त्या संघाचा कर्णधार नील ब्रँड पदार्पणाच्या कसोटीतच नाणेफेकीला उतरला. मालिका अर्थातच २-० अशी गेली. इथे खेळाडूंनी विश्रांती घेतली नव्हती. ते दुसऱ्या दुकानात कामाला होते.

कार्यक्रम किती आवळलेला असतो, याची कल्पना बेन स्टोक्सच्या निवृत्तीवरून यावी. जुलै २०२२ मध्ये इंग्लंडचा भारताविरुद्धचा शेवटचा एकदिवसीय सामना १७ तारखेला मँचेस्टरला झाला आणि दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा पहिला १९ तारखेला डरहॅमला. तिन्ही प्रकार खेळणे आता शक्य नाही, असे सांगत स्टोक्सने त्या वेळी एकदिवसीय क्रिकेट सोडले. खेळाडू म्हणजे पेट्रोल भरले की धावणारी मोटार नव्हे, अशा अर्थाचे त्याचे बोलणे पुष्कळ गाजले. पुढच्याच वर्षी विश्वचषकासाठी तो परतला, ही गोष्टही नोंदवायला हवी. सामने वाढवणाऱ्यांकडे पाहून आपल्याकडची ‘आयजीच्या जिवावर बायजी उदार’ ही म्हण आठवते. मात्र यात खेळाडू केवळ बळी आहेत, असेही चित्र रंगवू नये. राष्ट्रीय संघाच्या मालिकेत विश्रांती मागणारा खेळाडू लीगमध्ये सहसा मागत नाही, ही प्रेक्षकांची टोचणी अगदीच निराधार नाही.

आता ज्या मालिकेने आपल्याकडे हा वाद पेटवला, तिच्याकडे वळतो. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यापूर्वीच निवड समितीचे अध्यक्ष अजित आगरकर यांनी बुमराह पाचही कसोटी खेळणार नाही, असे स्पष्ट केले होते. तो तीनच खेळेल, हेही आधीच जाहीर झाले. तो हेडिंग्ले, लॉर्ड्स आणि ओल्ड ट्रॅफर्डवर खेळला. भारताने जिंकले ते एजबॅस्टन आणि ओव्हल, म्हणजे नेमके तो नसलेले सामने. मोहम्मद सिराजने मात्र पाचही कसोटींत मिळून १८५.३ षटके टाकली, २३ बळी घेतले आणि ४ ऑगस्टच्या सकाळी ओव्हलवर सहा धावांनी विजय मिळवून देत मालिका २-२ अशी बरोबरीत सोडवली. सुनील गावसकर यांनी त्यानंतर ‘वर्कलोड’ हा शब्द भारतीय क्रिकेटच्या शब्दकोशातूनच काढून टाकावा, अशी भूमिका मांडली आणि सिराजचा व सीमेवरच्या जवानांचा दाखला दिला.

गावसकरांविषयी पूर्ण आदर राखून मला ही तुलना पटत नाही. सिराज आणि बुमराह यांची शरीरे वेगळी, गोलंदाजीची शैली वेगळी आणि दुखापतींचा इतिहास तर पूर्णपणे वेगळा. एका माणसाची कमर १८५ षटके पेलते म्हणून दुसऱ्याचीही पेलेल, असे मानणे म्हणजे शेजाऱ्याला साखर चालते म्हणून मधुमेही माणसाला पेढा भरवण्यासारखे आहे. पण बुमराह नसताना संघ जिंकला, म्हणून रोटेशन यशस्वी झाले, हेही तितकेच पोकळ आहे. दोन सामन्यांच्या निकालावरून काहीच ठरत नाही. त्या निर्णयाची खरी परीक्षा बुमराह पुढचे सहा महिने किती सामने तंदुरुस्तपणे खेळतो, यात होती. आणि रोटेशनचे दुर्दैव असे की, टळलेली दुखापत कोणाला दिसत नाही. हरलेला सामना मात्र सगळ्यांना दिसतो. माझा आक्षेप असलाच, तर तो संख्या आधीच जाहीर करण्याला आहे. तीन म्हणजे तीनच, असा आकडा घोषित झाल्यावर प्रतिस्पर्धी संघाला नियोजन सोपे होते आणि गोलंदाजाच्या त्या आठवड्याच्या प्रत्यक्ष अवस्थेपेक्षा कागदावरचा शब्द वरचढ ठरण्याची भीती असते.

याच संदर्भात एक विसंगती सांगण्याजोगी आहे. मार्च २०२४ मध्ये मंडळाने कसोटी खेळणाऱ्यांसाठी प्रोत्साहन योजना आणली. हंगामातल्या ७५ टक्क्यांहून अधिक कसोटी खेळणाऱ्याला दर कसोटीमागे १५ लाखांच्या मानधनाशिवाय आणखी ४५ लाख रुपये, आणि ५० ते ७५ टक्के खेळणाऱ्याला ३० लाख. कसोटीकडे खेळाडू वळावेत, हा हेतू चांगलाच आहे. परंतु ज्या गोलंदाजाला संघच पाचपैकी तीन कसोटी खेळवतो, त्याचे प्रमाण ६० टक्के होते. एका हाताने विश्रांती द्यायची आणि दुसऱ्या हाताने तिची किंमत वसूल करायची, असा प्रकार हंगामभर तेच प्रमाण राहिल्यास घडू शकतो.

रोटेशन फसल्याची उदाहरणेही आहेत. २०२१ च्या सुरुवातीला इंग्लंडचा संघ भारतात आला, तेव्हा करोनाच्या काळातील बंदिस्त वास्तव्यामुळे खेळाडूंना आळीपाळीने घरी पाठवले जात होते. चेन्नईची पहिली कसोटी जिंकल्यावर जोस बटलर परतला, मोईन अली दुसऱ्या कसोटीत आठ बळी घेऊन मायदेशी गेला, आणि इंग्लंडने मालिका ३-१ अशी गमावली. मानसिक थकवा खरा होता, याबद्दल वाद नाही. पण भारतातील खेळपट्ट्यांवर ज्याला नुकती लय सापडली आहे, अशा फिरकी गोलंदाजाला विमानात बसवणे क्रिकेटच्या दृष्टीने महागात पडले. ऑस्ट्रेलियातही डिसेंबर २०१२ मध्ये मिचेल स्टार्कला मेलबर्नच्या नाताळ कसोटीतून बाहेर ठेवल्यावर गदारोळ झाला होता. लय ही गोष्ट षटकांच्या तक्त्यात मावत नाही. लय सापडलेल्या गोलंदाजाला बसवताना संघ कशावर पाणी सोडतो, हे मोजण्याचे यंत्र अजून निघालेले नाही, आणि म्हणून हा निर्णय शेवटी फिजिओच्या संगणकावर न सोडता कर्णधार आणि प्रशिक्षकाने स्वतःच्या अंगावर घ्यावा लागतो.

फलंदाजांना मी वर जरा सहज सोडून दिले, ते दुरुस्त करायला हवे. तिन्ही प्रकारांत खेळणाऱ्या फलंदाजाला प्रवास आणि सततची जबाबदारी पोखरत जाते. शुभमन गिलचा २०२५ चा शरद ऋतू पाहा. आशिया करंडकाचा अंतिम सामना २८ सप्टेंबरला दुबईत, २ ऑक्टोबरला अहमदाबादेत वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी, १४ ऑक्टोबरला दिल्लीची कसोटी संपते, १९ ऑक्टोबरला पर्थमध्ये एकदिवसीय सामना, ८ नोव्हेंबरला ब्रिस्बेनमध्ये शेवटचा टी-ट्वेंटी आणि १४ नोव्हेंबरला कोलकात्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटी. तेव्हा कसोटी आणि एकदिवसीय संघांचे नेतृत्व त्याच्याकडे होते, टी-ट्वेंटीचे उपकर्णधारपदही त्याच्याकडे होते. कोलकात्यात फलंदाजी करताना त्याची मान आखडली, त्याला रुग्णालयात न्यावे लागले आणि पुढची कसोटी हुकली. त्याच काळात बुमराहला ऑस्ट्रेलियातील एकदिवसीय सामन्यांसाठी विश्रांती होती. गोलंदाजाचा हिशेब ठेवायला आपण शिकलो आहोत. कर्णधाराचा अजून नाही.

दुसरी बाजू अशी की, रोटेशनमुळे राखीव फळी तयार होते. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला भारताचे जवळपास सगळे प्रमुख गोलंदाज जायबंदी होते, म्हणून नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर यांनी पदार्पण केले. शार्दूल ठाकूर तिथे दुसरी कसोटी खेळत होता. २०१८ मधील पहिल्या कसोटीत दहा चेंडू टाकून तो दुखापतीने बाहेर गेला होता. ब्रिस्बेनला मात्र त्याने सात बळी घेतले, पहिल्या डावात ६७ धावा केल्या आणि भारत जिंकला. ती निवड सक्तीची होती, पण त्या मुलांना भारत ‘अ’ संघाच्या दौऱ्यांत आणि देशांतर्गत क्रिकेटमध्ये आधीच पुरेसे सामने मिळाले होते, म्हणून ती अंगाशी आली नाही.

उपायांविषयी थोडक्यात. खेळाडूंच्या जागतिक संघटनेने मार्च २०२५ मध्ये सुचवले की, वर्षात २१-२१ दिवसांचे चार काळ फक्त आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी राखावेत आणि त्या वेळी लीग नसावी. मंडळांनी त्यावर फारसा उत्साह दाखवलेला नाही. आपल्याकडे २०२४-२५ पासून रणजी हंगाम दोन भागांत विभागला गेला आणि मधे टी-ट्वेंटी व एकदिवसीय स्पर्धा आल्या, त्यामुळे लाल चेंडूच्या गोलंदाजाला सलग दहा आठवड्यांच्या घाण्यातून सुटका मिळाली. पण षटकांच्या चढउताराचे जे गणित वर सांगितले, ते पाहता चार-दहा षटकांवरून एकदम पुन्हा वीसवर जाण्याचा प्रश्न जानेवारीत उभा राहतो. काही खेळाडू स्वतःच मार्ग काढतात. श्रेयस अय्यरने पाठीच्या तक्रारींमुळे सप्टेंबर २०२५ मध्ये लाल चेंडूच्या क्रिकेटमधून सहा महिने विश्रांती घेतली. त्याच श्रेयसने त्या वर्षी ३ जूनला अहमदाबादेत आयपीएलचा अंतिम सामना पंजाबचा कर्णधार म्हणून गमावला, आणि १२ जूनला वानखेडेवर टी-ट्वेंटी मुंबई लीगचा अंतिम सामनाही कर्णधार म्हणूनच गमावला. मुंबईची ही लीग सुरू झाली ४ जूनला, आयपीएल संपल्याच्या दुसऱ्या दिवशी.

बुमराह, शमी किंवा गिल यांच्यामागे निदान फिजिओ आहेत, बंगळुरूचे मंडळाचे केंद्र आहे, अंगावर धाव मोजणारी यंत्रे आहेत. कमिन्स ज्या वयात मोडला, त्या वयाची मुले मुंबईत आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि शिवाजी पार्कवर गोलंदाजी करत आहेत. वेगवान गोलंदाजी करणारा सतरा वर्षांचा मुलगा चांगला असेल, तर तो महाविद्यालयाकडून खेळतो, क्लबकडून खेळतो, वयोगटाच्या निवड चाचणीला जातो, संध्याकाळी अकादमीच्या नेटमध्ये मोठ्या फलंदाजांना चेंडू टाकतो आणि पावसाळ्यात कांगा लीगच्या ओल्या खेळपट्टीवर घसरत्या पायाने धावून येतो. इंग्लंडमध्ये कुमार गटातील वेगवान गोलंदाजाने सलग किती आणि दिवसात किती षटके टाकावीत, याच्या वयानुसार मर्यादा आहेत. त्यासाठी यंत्र लागत नाही, वही लागते. इथे महाविद्यालयाच्या गुणफलकात त्या मुलाची महाविद्यालयाची षटके असतात, क्लबच्या वहीत क्लबची, आणि नेटमधले चेंडू कोणीच लिहीत नाही.